पिनबॉलच्या जुन्या बॅकग्लासवर रंग मॅच करायचा म्हणजे नक्की काय करायचं

जुन्या पिनबॉल मशीनच्या (स्प्रिंगने लोखंडी गोळी उडवायच्या खेळाच्या) डोक्यावरची ती चित्राची काच, बॅकग्लास, हातात आली की आधी एक ठरवून टाका, मागची बाजू पुसायची नाही. चित्र मागच्या बाजूनेच छापलेलं असतं आणि पन्नास-साठ वर्षं बल्बची ऊब खाऊन इंकचे पोपडे सुटलेले असतात, ओलं फडकं फिरवलंत तर अर्धा चेहरा फडक्यावर येतो. चिकटपट्टीही नको. पुढची बाजू नुसती काच आहे, ती खुशाल पुसा.

गॉटलीब, विल्यम्स, बाली, सगळ्या शिकागोच्या पिनबॉल बनवणाऱ्या कंपन्या, आणि १९५०-६०च्या दशकातल्या त्यांच्या काचा स्क्रीन प्रिंटिंगने छापलेल्या, आपल्याकडे लग्नपत्रिका छापायचे तशाच, प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी. फक्त क्रम उलटा. आधी काळ्या रेषा, मग रंग, त्यावर पांढरा, आणि शेवटी उजेड अडवणारा करडा नाहीतर चंदेरी थर, त्यात जिथे उजेड दिसायला हवा तिथे खिडक्या सोडलेल्या. हा क्रम डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

सुटे पोपडे आधी जागेवर बसवायचे. क्रायलॉनचा ट्रिपल थिक नावाचा क्लिअर स्प्रे बरेच जण वापरत आलेत. काच आडवी ठेवून, एका कोपऱ्यात टेस्ट करून मगच मारा कारण हे परत काढता येत नाही. तो पूर्ण वाळला की इंक उडालेल्या जागा भरायला त्यावर पाण्यातले ॲक्रिलिक रंग घ्या, शेड चुकली तर ओला असतानाच कापसाने पुसता येतो आणि खालच्या मूळ इंकला धक्का लागत नाही.

आता खरी गंमत. एकच लाल रंग लाइट बंद असताना एक दिसतो आणि मागे बल्ब लागला की दुसराच दिसतो, कारण बंद असताना आपण परतून आलेला उजेड बघतो आणि चालू असताना आरपार आलेला. त्यामुळे टेबलावर ट्यूबलाइटखाली कितीही घोटून मॅच केलात तरी मशीनमध्ये ठिगळ दिसणारच. सगळ्यात जास्त घोळ पांढऱ्याने होतो. रंग गडद वाटला की हात आपोआप पांढऱ्याकडे जातो, पण टायटॅनियम व्हाइट उजेड अडवतो, म्हणजे लाइट बंद असताना तो भाग फिका आणि लाइट लागला की शेजारच्यापेक्षा काळपट, मळकट. फिकं करायचं तर क्लिअर मीडियम, म्हणजे बिनरंगी ॲक्रिलिक, घाला. पांढरा लागतो तो मागे, वेगळ्या थरात, छापणाऱ्यांनी दिला होता तसाच. मग हिशोब सोपा होतो, शेड रंगाच्या पातळ थरांत पकडायची आणि उजेड किती यायला हवा ते पांढऱ्याच्या जाडीवर ठरवायचं.

पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्य, पण पारदर्शक घ्या, थॅलो ब्लू, क्विनॅक्रिडोन मजेंटा, एखादा पारदर्शक पिवळा. कॅडमियमचे रंग दिसायला झकास पण अपारदर्शक, इथे उपयोगाचे नाहीत. लालचा भडकपणा जरा उतरवायचा असेल तर काळा टाकू नका, टूथपिकच्या टोकावर हिरवा घ्या, बास. आणि मॅच करायचं ते शेजारच्या आजच्या उडालेल्या रंगाशी, नवा असताना कसा असेल त्याच्याशी नाही.

टेस्ट कशी घ्यायची? ओएचपी शीटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) पट्टीवर रंगाचा पट्टा ओढा, हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा कारण ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, मग पट्टी रंगाची बाजू मागे ठेवून उघड्या पडलेल्या जागेमागे हाताने धरा आणि पुढून बघा, एकदा लाइट लावून, एकदा बंद करून. दोन्हीत शेजारच्या रंगात मिसळला तरच ब्रश उचला. प्रत्येक पट्टीवर किती थेंब कशाचे ते मार्करने लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात तोच निळा परत लागतो आणि आठवत नाही.

बल्ब कुठला ठेवणार ते मिक्सिंगच्या आधी ठरवा. ४४ नंबरचा बल्ब ६.३ व्होल्टवर २५० मिलीॲम्प खातो, ४७ नंबरचा १५०, म्हणजे ४७ ने उष्णता बरीच कमी, इंक वाचते. एलईडी टाकायचे तर वॉर्म व्हाइटच, आणि मॅचिंगही त्याच उजेडात, नाहीतर पिवळ्याचं सगळं गणित बिघडतं.

रंगवताना आधी तुटलेल्या काळ्या रेषा, मग रंग दोन-तीन पातळ हातांत, प्रत्येक हात वाळू द्यायचा, मग पांढरा, मग मागचा करडा. करडा देताना मशीनमध्ये किंवा लाइट बॉक्सवर (आतून उजेड असलेल्या पेटीवर) धरून बघा, सुईएवढं भोक राहिलं तरी अंधाऱ्या खोलीत ताऱ्यासारखं चमकतं. काही काचांवर आरशासारखे भाग असतात, त्यांना मात्र हात लावू नका, चंदेरी पेंटने तो आरसा परत येत नाही आणि पॅच लांबून ओळखू येतो, त्यापेक्षा आहे तसा बरा.