सीसीएनएची तयारी: वाचन कमी, हात जास्त

इंदूरमध्ये नेटवर्किंग शिकायचं ठरलं की बहुतेकांची पावलं आधी भंवरकुआंकडे किंवा विजय नगरकडे, एखाद्या क्लासकडे वळतात. क्लास लावायला हरकत नाही. पण नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए ही प्रमाणपत्र परीक्षा (क्रमांक 200-301) नुसतं ऐकून आणि व्हिडिओ बघून सुटत नाही. कोरा राउटर समोर ठेवून, वही मिटवून, कॉन्फिगरेशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिता आलं पाहिजे. दुसऱ्यानं बिघडवलेलं नेटवर्क दुरुस्त करता आलं पाहिजे. हे दोन्ही जमलं की तयारी झाली, तोवर नाही. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज दीड तास आणि रविवारी तीन तास दिले तर साधारण सोळा आठवडे लागतात. ज्यांनी कधी नेटवर्क स्विचला हात लावलेला नाही त्यांनी वीस धरावेत.

पुस्तक उघडण्याआधी सिस्कोच्या संकेतस्थळावरून परीक्षेचा अधिकृत आराखडा उतरवून छापून घ्या. त्यात सहा विभाग आहेत: नेटवर्कची मूलतत्त्वं 20 टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस 20, आयपी कनेक्टिव्हिटी 25, आयपी सर्व्हिसेस 10, सिक्युरिटी 15 आणि ऑटोमेशन 10. वेळेची वाटणीही याच प्रमाणात हवी. प्रत्यक्षात पहिले दोन महिने नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआयच्या सात थरांत आणि केबलच्या प्रकारांत जातात आणि राउटिंग शेवटच्या पंधरवड्यात उरकलं जातं. सर्वाधिक गुण राउटिंगला आहेत, म्हणून पाचव्या आठवड्यापर्यंत तुम्ही स्टॅटिक रूट, म्हणजे हातानं दिलेले मार्ग, लिहायला लागलेले असायला हवेत.

खजुरी बाजारात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, ती जरूर घ्या, फक्त मुखपृष्ठावरचा क्रमांक पाहून. 200-125 लिहिलेलं असेल तर ते 24 फेब्रुवारी 2020च्या आधीच्या परीक्षेचं आहे. त्यातला ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलचा कॉन्फिगरेशनचा भाग आता विचारत नाहीत आणि ऑटोमेशनचं नावही त्यात फारसं नसतं. 200-301 असेल तर पुस्तक चालेल. मात्र 20 ऑगस्ट 2024पासून आराखड्याची 1.1 आवृत्ती लागू आहे. तिच्यात पपेट आणि शेफ ही ऑटोमेशनची साधनं गेली, टेराफॉर्म आलं, एआय आणि मशीन लर्निंगची ओळख आली, आणि स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमधले लूप रोखणारी पद्धत) रूट गार्ड, लूप गार्ड यांची भर पडली. एवढे मुद्दे अधिकृत आराखड्याशी ताडून वेगळे वाचले की जुन्या आवृत्तीचं पुस्तकही उपयोगी पडतं.

सबनेटिंग: पहिल्या दिवसापासून, रोज दहा मिनिटं

सबनेटिंगचा, म्हणजे नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटण्याच्या गणिताचा, एक धडा वाचून संपवणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. ते समजायला एक दिवस पुरतो, हातात बसायला सहा आठवडे लागतात. परीक्षेत एका प्रश्नाला सरासरी मिनिट-दीड मिनिट मिळतं, आणि त्यात सबनेट काढणं ही बहुधा उत्तराची फक्त पहिली पायरी असते.

पद्धत एकच ठेवा. समजा पत्ता 192.168.10.77/27 आहे, म्हणजे पहिले 27 बिट नेटवर्कचे. 27मधून 24 गेले की शेवटच्या भागात तीन बिट उरतात, म्हणून मास्क 255.255.255.224. 256मधून 224 वजा केले की 32, हा गठ्ठ्याचा आकार. गठ्ठे सुरू होतात 0, 32, 64, 96 इथे. 77 हा 64 आणि 96 यांच्यामध्ये पडतो, म्हणजे नेटवर्क .64, ब्रॉडकास्ट .95, वापरायचे पत्ते .65 ते .94, एकूण 30. बायनरी एकदाच नीट समजून घ्या आणि मग गणित याच वाटेनं करा.

रोज दहा पत्ते, घड्याळ लावून. पहिल्या आठवड्यात एका पत्त्याला दोन मिनिटं लागली तर काही बिघडत नाही. सहाव्या आठवड्यात वीस ते तीस सेकंदांवर यायला हवं. तिसऱ्या भागातले मास्क, म्हणजे /20 किंवा /22, मुद्दाम जास्त घ्या, कारण गठ्ठा तिसऱ्या भागात मोजायचा हे विसरून चौथ्यात मोजला जातो. 172.16.37.5/20 घ्या: गठ्ठा 16चा, नेटवर्क 172.16.32.0, ब्रॉडकास्ट 172.16.47.255. हे पटकन दिसायला लागलं की अ‍ॅक्सेस लिस्टचा, म्हणजे वाहतूक गाळणाऱ्या यादीचा, वाइल्डकार्ड मास्क आणि रूट समरी दोन्ही आपोआप सोपे होतात.

लॅब: बांधा, मोडा, दुरुस्त करा

प्रयोगांसाठी पॅकेट ट्रेसर पुरेसा आहे. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं मोफत खातं उघडलं की तो मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. काही शो आणि डीबग कमांड त्यात नाहीत, एवढं ध्यानात असू द्या, नाहीतर आपलंच चुकलं समजून तास वाया जातो. दर पंधरा मिनिटांनी फाइल सेव्ह करा. पावसाळ्यात वीज गेली आणि डेस्कटॉपवर काम चालू असेल तर सगळी मांडणी जाते. जुना खरा स्विच विकत घेण्याची गरज नाही.

प्रत्येक विषयाची लॅब तीनदा करायची. पहिल्यांदा व्हिडिओ किंवा पुस्तक बघत. दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी, सगळं मिटवून, कोऱ्या फाइलवर. अडलात तर प्रश्नचिन्ह टाइप करून राउटरलाच विचारा, वही उघडू नका. तिसरी फेरी सगळ्यात मोलाची आहे: चालू असलेल्या नेटवर्कमध्ये मुद्दाम एक दोष घालायचा आणि लक्षणांवरून तो शोधायचा. जोडीला कोणी असेल तर दोष त्यानं घालावा, तुम्ही शोधावा. मग उलट.

कोणते दोष घालायचे? ओएसपीएफपासून, म्हणजे राउटरांना आपापसांत मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलपासून, सुरुवात करा. एका बाजूचा हॅलो टायमर 10वरून 15 करा, दोन राउटरांचा शेजारीपणा तुटतो. एरिया क्रमांक वेगळा ठेवा, मास्क वेगळा ठेवा, एक इंटरफेस पॅसिव्ह करा. प्रत्येक वेळी ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये काय दिसतं आणि काय नाहीसं होतं ते लिहून ठेवा. खऱ्या उपकरणांवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळला नाही तर शेजारी एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज अवस्थेत अडकून पडतो. हे लक्षण पाठच असलेलं बरं. मग इंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेला एक अ‍ॅक्सेस लिस्ट लावा आणि तिच्यात ओएसपीएफला परवानगी द्यायला विसरा. चाळीस सेकंदांनी डेड टायमर संपतो आणि शेजारी गायब होतो. यादीच्या शेवटी न दिसणारा ‘डिनाय’ असतो हे वाक्य दहा वेळा वाचून जेवढं कळत नाही तेवढं या चाळीस सेकंदांत कळतं.

व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचवर वेगळ्या केलेल्या आभासी नेटवर्कमध्ये, एक सापळा नेमका ओळखून ठेवा. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर, आधीच 10 आणि 20 चालू आहेत आणि 30 वाढवायचा आहे. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’ असं लिहिलंत तर यादीत भर पडत नाही, जुनी यादी पुसून फक्त 30 उरतो आणि बाकी सगळे तुटतात. मध्ये ‘अ‍ॅड’ हवा. खऱ्या ऑफिसात ही चूक केली तर पूर्ण मजल्याचं नेटवर्क बसतं, म्हणून ती लॅबमध्ये एकदा करून बघाच.

एसएसएचमध्ये, म्हणजे दुरून सुरक्षितपणे राउटरवर जाण्याच्या सोयीत, क्रम महत्त्वाचा. आधी होस्टनेम बदला, डोमेननेम द्या, मग आरएसए की तयार करा. नाव ‘राउटर’च राहिलं असेल तर की बनतच नाही. 2048 बिटची की घ्या. त्यानंतर यूजरनेम आणि पासवर्ड, व्हीटीवाय (दुरून लॉगिनच्या) लाइनवर ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’. नॅटमध्ये, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्यात, बहुतेक वेळा नियम बरोबर असतो, पण इंटरफेसवर ‘आयपी नॅट इनसाइड’ आणि ‘आउटसाइड’ लिहायचं राहून जातं किंवा शेवटचा ‘ओव्हरलोड’ सुटतो. तो सुटला की आउटसाइडचा एकच पत्ता असताना पहिलं मशीन बाहेर जातं, दुसरं जात नाही. आणि राउटरचा इंटरफेस मुळात बंदच असतो, ‘नो शटडाउन’ दिल्याशिवाय काहीच चालत नाही.

राउटिंग टेबल वाचण्यासाठी वेगळा आठवडा ठेवा. प्रश्न साधारण असा येतो: 10.1.1.0/24 ओएसपीएफकडून आलाय, 10.1.1.0/26 रिप या दुसऱ्या प्रोटोकॉलकडून, तर 10.1.1.20कडे जाणारं पॅकेट कुठून जाईल? ओएसपीएफचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कमी तितका मार्ग भरवशाचा) 110 आणि रिपचं 120, म्हणून ओएसपीएफ, असं पुष्कळजण लिहितात. चुकतं. आधी सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स पाहिला जातो, म्हणून /26 जिंकतो. डिस्टन्सचा विचार तोच प्रीफिक्स दोन मार्गांनी आला तरच होतो.

आठवण आणि इंग्रजी

धडा वाचून झाला की पुस्तक मिटवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. राहिलेलं लाल पेनानं भरा. तोच कागद दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा कोरा लिहायचा. पोर्ट क्रमांक, डिस्टन्सचे आकडे, आयपीव्ही6 पत्त्यांचे प्रकार अशा सुट्या गोष्टींसाठी अँकी हे मोफत कार्डांचं अ‍ॅप चांगलं. कार्डं स्वतः बनवा. दुसऱ्याची दोन हजार कार्डांची तयार गड्डी उतरवली की आठवड्यात कंटाळा येतो.

आपल्याकडे घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि शिकवणारे उत्तम व्हिडिओही हिंदीत आहेत. समजून घेण्यासाठी ते बघा. परीक्षा मात्र इंग्रजीत द्यायची आहे आणि प्रश्नाचं वाक्य चार-पाच ओळींचं असतं. समजलेलं रोज पाच वाक्यांत इंग्रजीत लिहायची सवय आठव्या आठवड्यापासून लावा. वाचताना ‘दोन निवडा’, ‘सर्वांत आधी’, ‘यापैकी कोणतं नाही’ या अर्थाचे इंग्रजी शब्द बोट ठेवून वाचा. तयारी चांगली असलेल्यांचे गुण बहुधा इथेच जातात.

सराव परीक्षा आणि डम्प

बाराव्या आठवड्यापासून दर रविवारी पूर्ण 120 मिनिटांची सराव परीक्षा द्या, न उठता. खऱ्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, म्हणून सरावातही जायचं नाही. नंतर चुकांची वही काढा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला लॅब, दुसऱ्याला सावकाश वाचन, तिसऱ्याला सबनेटिंगचं घड्याळ. एकच सराव संच पुन्हा पुन्हा सोडवून 95 टक्के मिळवू नका, त्यात ज्ञान नाही, उत्तरांचा क्रम पाठ झालेला असतो. नव्या संचात सलग दोनदा 85च्या वर गेलात की तारीख घ्या.

चोरलेल्या प्रश्नांच्या फाइली, ज्यांना डम्प म्हणतात, त्या हात न लावता डिलीट करा. सिस्कोच्या नियमांत त्याला बंदी आहे, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय त्यांतली बरीच उत्तरं सरळ चुकीची असतात. आणि मुलाखतीत कोणी ट्रंक लावायला सांगितली की पाच मिनिटांत सगळं उघडं पडतं.

तारीख, केंद्र आणि परीक्षेचा दिवस

नोंदणी पिअर्सन व्ह्यूवर होते. शुल्क 300 डॉलर, कर वेगळा. रक्कम मोठी आहे, म्हणून घाई नको. नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. मराठी घरांत हा घोळ हमखास होतो: मार्कशीटवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नाही. आडनावाचं स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. लग्नानंतर बदललेलं नाव अर्ध्याच कागदांवर. आठवडाभर आधी सगळं समोर ठेवून तपासा. पासपोर्ट असेल तर तोच न्या, जोडीला दुसरं ओळखपत्रही.

परीक्षा घरून देता येते, तरी शक्य असेल तर केंद्रावरच द्या. केंद्रावर पुसता येणारा बोर्ड आणि मार्कर मिळतो. घरी कागद-पेन चालत नाही, स्क्रीनवरच्या फळ्यावर माउसनं सबनेट मांडावा लागतो. घरी खोलीत कोणी डोकावलं तरी परीक्षा थांबू शकते, आणि आत्या-काकूंच्या भरल्या घरात दोन तास दार कोणीही उघडणार नाही याची खात्री देणं अवघड. रंगपंचमीची गेर (मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) यांचे दिवस टाळा. राजवाड्याच्या आजूबाजूचे रस्ते तेव्हा बंद असतात.

खुर्चीवर बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत बोर्डवर 128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1 आणि त्याखाली मास्कचे आकडे लिहून घ्या. लॅबचे प्रश्न आले तर घाबरू नका, पण आधी पूर्ण सूचना वाचा, मग टाइप करा, आणि शेवटी कॉन्फिगरेशन सेव्ह करा. एका बहुपर्यायी प्रश्नावर दोन मिनिटांच्या वर थांबू नका. उत्तर येत नसेल तर चुकीचे पर्याय खोडून उरलेल्यातला एक निवडा आणि पुढे जा.

नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा देता येते. पाच दिवसांत देऊ मात्र नका. गुणपत्रकावर प्रत्येक विभागाची टक्केवारी छापलेली असते. सर्वांत कमी दोन विभाग घ्या, त्यांच्या लॅब पुन्हा कोऱ्या फाइलवर करा आणि तीन-चार आठवड्यांनी बसा. पास झाल्यावर प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, त्याची शेवटची तारीख त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये सहा महिने आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा.