यादीत ‘वऱ्हाडे’ दिसतात, पण शोधल्यावर सापडत नाहीत?

कास्तकारांची यादी मोबाइलच्या क्रोमवर शोधली की नाव येतं, सेवा केंद्रातल्या फायरफॉक्सवर नाही. ब्राउझर बदलण्याआधी कीबोर्ड तपासा. एक कीबोर्ड ‘ऱ’ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) टाकतो, दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक (यू+२००डी). दिसायला अक्षर तेच.

१. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड चालवून बघायची खिडकी) ‘वऱ्हाडे’ची लेंग्थ, म्हणजे चिन्हांची संख्या, पाहा: ७ हवी. ८ आली तर हाच घोळ.
२. यादी आणि शोधशब्द, दोन्हींवर ‘नॉर्मलाइझ’ (वेगवेगळ्या तऱ्हेनं साठवलेलं अक्षर एकसारखं करणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) चालवा. यानं ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) वेगळे असतील तर जुळतात, जोडक मात्र तसाच राहतो. म्हणून पुढं ‘र, हलन्त, जोडक’ या तिन्हींच्या जागी ‘ऱ, हलन्त’ टाका.

जोडक नुसता पुसू नका, ‘वर्हाडे’ होईल. आणि हा बदल फक्त तुलनेच्या प्रतीत करा. सातबाऱ्यावरून घेतलेलं मूळ नाव जसंच्या तसं ठेवा.