डेंग्यू-झिकाचा डास: आधी अळी मोजा, मग औषध काढा

जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला. झिका, डेंग्यू आणि चिकुनगुन्या या तिघांचाही मुख्य वाहक एकच, एडिस इजिप्ती. हा डास गटारात सहसा वाढत नाही. त्याला रांजण, पिंप, हौद, कूलर, टायर असं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. त्यामुळे रुग्ण निघाला की नाल्यावर फवारणी करून समाधान मानणं हा निव्वळ देखावा आहे.

घरोघरी अळ्या शोधायच्या सर्वेक्षणाला दोघं पुरतात. सोबत बॅटरी, पांढरी ताटली, चहाची गाळणी, ड्रॉपर, खडू आणि वही. झाकण हळू उचला, भांड्याला धक्का लावू नका. सावली पडली किंवा पाणी हललं की अळ्या तळाशी जातात आणि घाईतला माणूस 'निरंक' लिहून मोकळा होतो. दोन-तीन मिनिटं थांबा, श्वास घ्यायला त्या वर येतातच. एडिसची अळी पाण्यात डोकं खाली करून लटकते, तिची श्वासनळी आखूड आणि जाड असते. क्युलेक्स या दुसऱ्या जातीच्या डासाची लांब असते, तर मलेरियाच्या ॲनोफिलीस डासाची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांचं भांडं, गच्चीवरचं भंगार आणि पत्र्याची पन्हळ हमखास सुटतात.

वहीत घर आणि भांडं दोन्ही नोंदवा. समजा 100 घरं पाहिली. त्यांत पाणी असलेली 250 भांडी होती; 12 घरांत मिळून 18 भांड्यांत अळ्या निघाल्या. मग घर निर्देशांक, म्हणजे दर 100 घरांत अळीची घरं, 12; भांडी निर्देशांक, म्हणजे दर 100 भांड्यांत अळीची भांडी, 7.2; आणि ब्रेटो निर्देशांक, म्हणजे दर 100 घरांमागे अळीची भांडी, 18. घर निर्देशांक 5 च्या वर किंवा ब्रेटो 20 च्या वर गेला की धोका मानण्याची पद्धत आहे. पण खालचा आकडा म्हणजे अभय नव्हे. आकड्याहून उपयोगी रकाना भांड्याच्या प्रकाराचा. 18 पैकी 13 सिमेंटच्या टाक्या असतील, तर सगळ्या गावात टायर गोळा करत फिरण्यात अर्थ नाही.

अळी सापडत नाही, तरी संशय आहे? मग ओव्हिट्रॅप, म्हणजे डासाची अंडी पकडायचा सापळा, लावा. अर्धा लिटरचा प्लास्टिकचा डबा बाहेरून काळा रंगवा. दोन-तृतीयांश उंचीवर भोक पाडा, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जाईल. आत पाणी भरून हार्डबोर्डची पट्टी खरखरीत बाजू पाण्याकडे येईल अशी उभी ठेवा. डबा सावलीत, जमिनीपासून दीड मीटरच्या आत. सातव्या दिवशी पट्टी बदला आणि काळी, एक मिलिमीटरहून लहान अंडी भिंगाने मोजा. पाणी ओता, डबा घासा. इथे दिवस चुकवू नका. उन्हाळी उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि विसरलेला ओव्हिट्रॅप म्हणजे आपणच पोसलेली डासांची पैदास.

आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' सगळे पाळतात, पण नुसतं पाणी ओतून. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडून कित्येक महिने टिकतात. पुन्हा भरलं की फुटतात. म्हणून काथ्याने किंवा ब्रशने कडा घासणं हेच खरं काम. कूलरची टाकी हंगाम संपल्यावर घासूनच ठेवा.

रिकामी करता न येणारी टाकी असेल, तर गप्पी मासे सोडा, दर चौरस मीटरला पाच ते दहा. नदी-तळ्यात मात्र सोडू नका, ते स्थानिक माशांच्या मुळावर येतात. पिण्याच्या पाण्यात टेमेफॉस या अळीनाशकाचे 1 टक्क्याचे दाणे, 10 लिटरला 1 ग्रॅम. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला 100 ग्रॅम. हिशेब टाकीच्या क्षमतेवर करा, आजच्या पातळीवर नाही, आणि आरोग्य केंद्राच्या देखरेखीखालीच. टेमेफॉसचं 50 टक्के द्रावण 10 लिटर पाण्यात 2.5 मिली मिसळून फवारायचं असतं, थेट साठ्यात ओतायचं नसतं; ते फक्त वापराच्या नसलेल्या पाण्यासाठी ठेवा. कोष, म्हणजे अळीनंतरची अवस्था, दिसले तर औषधावर विसंबू नका. ते काही खात नाहीत, म्हणून मरतही नाहीत. गाळणीने काढून टाका.

धूर फवारणी उडते डास मारते, अळी नाही. एडिस घरातच कपाटामागे, कपड्यांत, पलंगाखाली बसतो. रस्त्यावरून गाडी गेली आणि दारं बंद राहिली तर त्याला काहीच होत नाही. रुग्ण आढळल्यावर त्याच्या घरापासून सुरुवात करून भोवतालच्या पन्नासेक घरांत आतून फवारा: 2 टक्के पायरेथ्रम 50 मिली आणि रॉकेल 950 मिली. आधी चूल, गॅस विझवा, अन्न-पाणी झाका, माणसं-जनावरं बाहेर काढा. खोली अर्धा तास बंद ठेवून मग उघडा. उशीर मात्र नको. मादीने बाधित रक्त घेतल्यावर साधारण 8 ते 12 दिवसांत ती रोग पसरवू लागते, आणि सहसा शे-दोनशे मीटरच्या आतच फिरते. तापाचे पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, कारण हा डास दिवसा चावतो.