मकतबात शाळकरी मुलांना दीनियात शिकवताना

दिवसभर मराठी शाळेत बसून मूल संध्याकाळी दीनियात, म्हणजे धर्माचे धडे, शिकायला मकतबात (धार्मिक वर्गात) येतं तेव्हा दमलेलं असतं. म्हणून ४५ मिनिटांतली पहिली २० वाचनाला द्या, मग अर्थ, शेवटी मसाइल, म्हणजे धार्मिक आचरणाचे नियम.

कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) शिकवताना अरबी अक्षरं देवनागरीत लिहून देऊ नका. सीन, साद, से तिघांचाही ‘स’ होतो. बडा काफ आणि छोटा काफ एकच होतात, मग काळीज म्हणायला गेलेलं मूल कुत्रा म्हणून बसतं, कारण देवनागरीत दोन्ही ‘कल्ब’. रोज एकच जोडी घ्या. ‘से’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना लागतं, ते आरशात दाखवता येतं. ‘साद’ मात्र कानानेच पकडावा लागतो.

कुराणाचा पहिला अध्याय सूरह फातिहा, त्याच्या ७ आयती (ओळी), दिवसाला एक. पाच वेळच्या फर्ज (सक्तीच्या) नमाजांच्या १७ रकातींत (आवर्तनांत) मूल ती रोज म्हणणार, तरी ‘यौमिद्दीन’चा अर्थ विचारा: स्वातंत्र्यदिनाची सवय असल्याने बरीच मुलं ‘दीन’ म्हणजे दिवस सांगतील. दिवस म्हणजे ‘यौम’; ‘दीन’ इथे न्यायनिवाडा, कर्माचं फळ.

खरी गडबड मसाइलमध्ये होते. शाफई आणि हनफी हे धर्मनियमांचे दोन पंथ; कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, शिकवणारे मौलाना पुष्कळदा हनफी मदरशातून आलेले. घरी आजी फज्रला (पहाटेच्या नमाजात) कुनूत ही दुआ पढते, मौलाना पढत नाहीत. मूल दोघांपैकी एकाला चूक ठरवून मोकळं होतं. त्यामुळे घरी काय करतात ते आधी विचारा, मग दोन्ही मतं फळ्यावर शेजारी लिहा. वजूचे (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याचे) फर्ज शाफईंत ६, हनफींत ४. अस्रची (दुपारनंतरच्या नमाजाची) वेळ तर अंगणातच दाखवा. रत्नागिरीकडे डिसेंबरात १ मीटर काठीची भर दुपारची सावली साधारण ८५ सेंटिमीटर पडते. ती १८५ झाली की शाफई अस्र सुरू, हनफी २८५ ला. काठी ओळंब्यात नसेल तर माप फसतं, आणि पावसाळ्यात हा प्रयोग काढूच नका.

परीक्षेत नुसतं पाठांतर ऐकू नका, प्रसंग द्या. होडीत पिण्यापुरतंच पाणी आहे, नमाजची वेळ झाली, आता? मुलं हमखास ‘तयम्मुम’ (पाण्याऐवजी मातीने शुद्धी) म्हणतात. चारही बाजूंना समुद्र आहे हे लक्षात आणून द्या: हदीसप्रमाणे समुद्राचं पाणी पाक करणारं आहे, वजू त्यानेच होईल.