नॉन-बायनरी पात्राची प्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

नॉन-बायनरी म्हणजे स्वतःला निव्वळ बाई किंवा निव्वळ पुरुष न मानणारं माणूस. अशा पात्राची कथा बहुतेकदा पहिल्याच पानावर अडते, आणि अडवतं ते क्रियापद. ‘किरण गोदाघाटावर बसला होता’ लिहिलं की पुरुष, ‘बसली होती’ लिहिलं की बाई. (जाता जाता: दर वेळी किरणच कशाला? शीतल, सुमन आहेतच. शिवाय आईवडिलांनी ठेवलेलं अस्सल पुरुषी किंवा बायकी नाव हौसेनं वापरणारी माणसंही असतात.) मग लेखक ‘ते बसलं होतं’कडे वळतो. हे रूप आपण बाळाला, वासराला लावतो, नाहीतर कुणाला हिणवताना. पात्र स्वतःच स्वतःबद्दल तसं बोलत असेल तर खुशाल लिहा. निवेदकानं लादलं तर टोचतं. ‘ते बसले होते’ लिहिलंत तर डोळ्यांसमोर कचेरीतले साहेब येतात.

त्यापेक्षा मराठीतच ज्या मोकळ्या जागा आहेत, त्या वापरा. ‘किरणनं चहा मागवला’, ‘किरणला हसू आलं’, ‘किरण काही बोलेना’, ‘किरण उद्या येईल’, ‘किरण फोन उचलत नाही’. यातल्या एकाही वाक्यातून किरण बाई की पुरुष ते कळत नाही. छळतात ती आला-गेली-बसला-हसली ही मंडळी. पण त्यांना चुकवत दोनशे पानं लिहिलीत तर गद्य आखडतं, म्हणून आधी ठरवा: पात्र स्वतःसाठी काय वापरतं? कुणी सगळीकडे ‘आलो’ म्हणेल, कुणी आईसमोर ‘आले’ आणि मित्रांत ‘आलो’. एवढ्या एका ‘आलो’वर रहस्यस्फोट मात्र करू नका, कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’ म्हणतात. खरी गंमत समोरच्या माणसाच्या तोंडी आहे. तिसऱ्या प्रकरणापर्यंत ‘आलीस का?’ विचारणारं माणूस एक दिवस अडखळतं आणि ‘येशील ना?’ म्हणतं. प्रेमकथेला याहून चांगला प्रसंग कुठे मिळणार?

दुसरी चूक कथानकातली, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी. ओळख लपवायची, मध्यंतराला ती उघड करायची, मग रडारड, मग स्वीकार. अडथळा एवढाच असेल तर गुपित फुटल्यावर लिहायला उरतं काय? किरणची नाशिकजवळ दिंडोरीला द्राक्षबाग असू द्या. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आलीय, मजूर मिळत नाहीत, आणि सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या जोडीदाराला पुण्यात बदली हवीय. आता भांडायला कारण आहे, ओढही आहे. कथा अडली की ओळखीचा मुद्दा घटकाभर झाकून वाचून बघा. उरलेल्या पानांत दोघांना एकमेकांकडून काही हवंसं वाटत नसेल, तर प्रेमकथा अजून सुरूच झालेली नाही.

पात्राला स्वतःची इच्छा द्या, हेही त्यातच आलं. ‘मी तुला आहेस तसं स्वीकारलं’ हा संवाद दिसला की मी पान उलटतो. उपकार करणाऱ्याच्या प्रेमात कोण पडेल?

बाकी किरकोळ. नॉन-बायनरी म्हणजे समलैंगिक नव्हे, इंटरसेक्सही (जन्मतःच ज्यांचं शरीर बाई-पुरुष या ठरावीक साच्यात बसत नाही ते) नव्हे, आणि तृतीयपंथी समाजाची परंपरा, तिचे गुरू-चेले हे वेगळंच विश्व आहे. त्याची सरमिसळ करू नका. काकांच्या तोंडी अर्धनारीनटेश्वरावर प्रवचन नको. बारीक अंगकाठी आणि आखूड केस सक्तीचे नाहीत. किरण पैठणी नेसून दाढीही राखेल.

शेवट लिहिताना कायदा तपासा. ‘दोघांनी रजिस्टर लग्न केलं’ असं सरसकट लिहिता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीय लिंग मान्य केलं, ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे दोघांच्या कागदांवर लिंग काय लिहिलंय, त्यावर सगळं अडतं. म्हणून कुणाला गोदावरीत ढकलून मोकळे होऊ नका; प्रेमकथेच्या वाचकाला गोड शेवट हवा असतो आणि तो लग्नाशिवायही होतो. गंगापूर रोडला दोघं भाड्यानं फ्लॅट शोधतायत, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतायत, ‘तुम्ही एकमेकांचे कोण?’ त्या उत्तरातच तीन प्रकरणं सहज निघतील.