लाईट गेली तरी काम अडू नये: लहान सॉफ्टवेअर टीमची घडी कशी बसवावी

गोव्यातल्या लहान सॉफ्टवेअर टीमचं चित्र साधारण असं असतं: दोघं-तिघं पर्वरीच्या ऑफिसात, एक जण फोंड्यात घरून, एखादी डिचोलीहून, आणि क्लायंट लिस्बनला नाहीतर लंडनला. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की लाईट जाते, पाठोपाठ ब्रॉडबँड. चवथीला (गणेश चतुर्थीला) अर्धं ऑफिस आपापल्या मूळ घरी. अशा टीमने कुठलं टूल घ्यावं हा नंतरचा प्रश्न. आधी ठरवायचं ते एवढंच की, कुणाचंही काम त्याच्या लॅपटॉपमध्ये किंवा डोक्यात अडकून राहता कामा नये. तो दोन दिवस फोनवर सापडला नाही तरी दुसऱ्याला ते उचलून पुढे नेता आलं पाहिजे. खालची प्रत्येक सवय आणि सेटिंग याच कसोटीवर निवडली आहे. (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनाच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

कुठलं बोलणं कुठे

तीन जागा पुरतात. कोड गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवर, कामांची यादी तिथल्याच इश्यूंमध्ये (एका कामाची किंवा चुकीची एक नोंद म्हणजे इश्यू), आणि रोजच्या बोलण्यासाठी एक चॅट. सहा-सात जणांना जिरासारखं कामं नोंदवायचं वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ते सांभाळायलाच एक माणूस लागतो. व्हॉट्सॲप ठेवा, पण ‘लाईट गेली, चारपर्यंत नाही’ एवढ्याच निरोपांसाठी. तिथे झालेला निर्णय गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. स्लॅक या चॅट ॲपच्या फुकट प्लॅनचंही तसंच: मागच्या ९० दिवसांचंच बोलणं दिसतं आणि वर्षापेक्षा जुनं पुसलं जातं. तेव्हा चॅटवर काही ठरलं की ते लगेच इश्यूत दोन ओळींत उतरवायचं: काय ठरलं आणि कशामुळे. हे काम ज्याने प्रश्न विचारला त्याने करावं, उत्तर देणाऱ्याने नव्हे. उत्तर देणारा बहुधा टीममधला सगळ्यात गुंतलेला माणूस असतो, आणि विचारणाऱ्याने लिहिलं की त्याला नेमकं काय कळलं तेही समजतं.

डेटाबेस कुठला, लॉगिन कसं, असे मोठे निर्णय कोडसोबतच एका फोल्डरमध्ये, क्रमांक घालून, एकेका पानात लिहा: परिस्थिती, निर्णय, परिणाम. ही पद्धत मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडली. निर्णय फिरवला तर जुनं पान खोडायचं नाही. त्यावर ‘रद्द, क्रमांक १४ पाहा’ असं लिहून नवं पान जोडायचं. सहा महिन्यांनी ‘हे असं का केलं?’ असं कुणीतरी विचारतंच.

इश्यू लिहिताना ‘वेळापत्रक चुकतंय’ एवढं पुरत नाही. ‘रायबंदर–चोडण मार्ग, रविवार निवडला, अँड्रॉइड १३, शेवटची फेरी दिसायला हवी होती, यादी त्याच्या आधीच संपते’ असं लिहिलं तर ते कुणीही हातात घेऊ शकतो.

पहिल्या दिवशीची सेटिंग

प्रत्येक मशीनवर या चार ओळी:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुल.रिबेस ट्रू
गिट कॉन्फिग --ग्लोबल रेरेरे.एनेबल्ड ट्रू
गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ३
गिट कॉन्फिग --ग्लोबल कोर.कोटपाथ फॉल्स

कमिट म्हणजे बदलाची एक नोंद. पहिलीमुळे प्रत्येक पुलबरोबर (दुसऱ्यांचे बदल उतरवून घेताना) दोन बाजू जोडल्याचे निरर्थक मर्ज कमिट तयार होत नाहीत. दुसरीमुळे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट (दोघांनी एकच ओळ बदलल्यावर होणारी टक्कर) गिटच्या लक्षात राहतो. चुकीचा सोडवलात तर तोही लक्षात राहतो; मग ‘गिट रेरेरे फर्गेट’ आणि फाइलचं नाव. तिसरीला गिट २.३५ किंवा पुढचं लागतं, तिचा उपयोग खाली येईल. चौथी नसेल तर देवनागरी नावाची फाइल स्टेटसमध्ये ३४०, २४४ असल्या आकड्यांच्या माळेत दिसते.

ऑफिसात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर रेपोच्या (कोडच्या अख्ख्या फोल्डरच्या) मुळाशी .गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही ओळ घाला, मग एकदाच ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .’ चालवून ते वेगळ्या कमिटमध्ये टाका. हे केलं नाही तर एक शब्द बदलल्यावर अख्खी फाइल बदललेली दिसते. दोन्ही सिस्टिम ओळीचा शेवट वेगळ्या खुणेने करतात, म्हणून.

मराठी-कोंकणी मजकूर असलेल्या ॲपला आणखी एक छुपी अडचण येते. ‘किनाऱ्यावर’ मधला ऱ एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो (यू+०९३१), दुसऱ्यावरून साधा र आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण सर्चला सापडत नाही, टेस्ट पडते, आणि डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी एकीखाली एक लाल-हिरव्या झालेल्या दिसतात. उपाय असा: भाषांतराच्या फाइली कमिट होण्याआधी युनिकोडच्या एनएफसी रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट प्री-कमिट हुकमध्ये, म्हणजे प्रत्येक कमिटआधी आपोआप चालेल अशी, लावा, आणि तीच तपासणी सर्व्हरवरही ठेवा, कारण हुक कुणीही टाळू शकतो. एनएफसी र-नुक्त्याची जोडी एकत्र करतं. जुन्या पद्धतीने टाइप केलेला र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर मात्र तसाच राहतो. त्याच्यासाठी शोधा-आणि-बदला हा नियम वेगळा लिहावा लागतो.

राहिली मेन, म्हणजे मुख्य कोडची शाखा. तिच्यावर थेट पुश (बदल सर्व्हरवर पाठवणं) बंद, टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज (दुसरी शाखा जोडणं) बंद, एक ॲप्रूव्हल सक्तीचं. दोन मागू नका. पाच जणांच्या टीममध्ये दुसऱ्याची वाट पाहण्यातच आठवडा जातो.

शाखा, पुश आणि कॉन्फ्लिक्ट

शाखेचं आयुष्य दोन दिवस, फार तर तीन. काम मोठं असेल तर तुकडे पाडा, अर्धवट भाग फीचर फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद बटणामागे) लपवा. संध्याकाळी उठण्याआधी पुश, आणि पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की तेव्हाही. काम अर्धवट आहे म्हणून स्टॅशमध्ये (गिटच्या तात्पुरत्या कप्प्यात) ठेवणं ही सर्रास होणारी चूक. स्टॅश त्या एका मशीनवरच राहतो, पुश होत नाही. त्यापेक्षा ‘अर्धवट: शुल्काची गणना बाकी’ असा कमिट करून ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घ्या अशी, अजून कच्ची विनंती) उघडा. नंतर ‘गिट रिबेस -आय मेन’ ने असले कमिट एकत्र करता येतात.

रिबेसनंतर (आपले कमिट मेनच्या टोकावर नव्याने रचल्यावर) पुश करायला जबरदस्ती लागते. तिथे नुसतं --फोर्स कधीच वापरू नका, --फोर्स-विथ-लीज वापरा. तुम्ही शेवटचं फेच (सर्व्हरवरचे नवे बदल उतरवणं) केल्यानंतर त्या शाखेवर दुसऱ्या कुणी काही टाकलं असेल तर ते नकार देतं. पण एडिटरचं ऑटोफेच चालू असेल तर हे संरक्षण पोकळ ठरतं: एडिटरने तुमच्या नकळत फेच केलेलं असतं आणि गिटला वाटतं तुम्ही ते पाहिलंत. गिट २.३० पासून मिळणारं --फोर्स-इफ-इन्क्लूड्स सोबत जोडलं की ही फट बुजते.

आता कॉन्फ्लिक्ट. समजा फेरीबोटींच्या वेळांचं ॲप आहे. मूळ ओळीत शेवटच्या फेरीची वेळ ‘रात्री १०:३०’ होती. सहकाऱ्याने मेनवर ती ‘रात्री १०:४५’ केली. तुम्ही तुमच्या शाखेत सगळ्या वेळा चोवीस तासांच्या घड्याळात आणल्या, म्हणून तुमच्याकडे ‘२२:३०’. रिबेस करताना गिट थांबतं. घाईत ‘माझं ठेव’ म्हणालात तर सहकाऱ्याची पंधरा मिनिटं गेली. ‘त्याचं ठेव’ म्हणालात तर मांडणी बिघडली. बरोबर उत्तर ‘२२:४५’, आणि ते दोन्ही बाजूंना कुठेच लिहिलेलं नाही. झेडडिफ३ मुळे मधोमध मूळ ओळही दिसते, म्हणजे कुणी काय बदललं ते एका नजरेत कळतं. त्याशिवाय अंदाजच बांधायचा.

इथे आणखी एक गोम आहे. मर्ज करताना ‘अवर्स’ म्हणजे तुमची शाखा, पण रिबेस करताना ‘अवर्स’ म्हणजे मेन आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचा कमिट. रिबेस तुमचे कमिट मेनवर नव्याने रचतं, म्हणून बाजू उलटतात. ही अदलाबदल विसरून बटण दाबलं की दिवसाचं काम गायब झाल्यासारखं वाटतं. घाबरू नका: ‘गिट रीफ्लॉग’ मध्ये रिबेसच्या आधीचा कमिट सापडतो.

रिव्ह्यू

पुल रिक्वेस्ट तीनशे ओळींच्या आत ठेवा. त्यापुढे रिव्ह्यू करणारा वाचत नाही, ‘छान’ लिहून मोकळा होतो. वर्णनात काय बदललं, कशासाठी, आणि कसं तपासलं एवढं असावं. पहिलं उत्तर अर्ध्या दिवसात आलं पाहिजे. सकाळी स्वतःचा कोड उघडण्याआधी दुसऱ्याचा पाहायचा, हा नियम चांगला चालतो. प्रत्येक शेऱ्याआधी ‘अडतंय’, ‘सुचवतोय’ किंवा ‘विचारतोय’ लिहिलं की नव्या मुलांची धास्ती जाते. नाहीतर साध्या सूचनेलाही ती हुकूम समजतात. स्पेस आणि स्वल्पविराम यांवर माणसांनी बोलूच नये, फॉर्मॅटर सांगेल ते खरं. दोन फेऱ्यांत मिटलं नाही तर फोन करा, कोंकणीत मनसोक्त भांडा, आणि काय ठरलं ते क्लायंटला वाचता येईल अशा भाषेत पुल रिक्वेस्टवर लिहा.

लिस्बनचं घड्याळ

लिस्बन आणि लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यांची सकाळी दहाची मीटिंग आपल्याला हिवाळ्यात साडेतीनला, उन्हाळ्यात अडीचला येते. म्हणून कॅलेंडरमधली नोंद त्यांच्या टाइम झोनमध्ये करा. आपल्या वेळेत केली तर वर्षातून दोनदा कुणीतरी तासभर ताटकळतं.

रात्री आपोआप चालणारे जॉबही बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. इथले पहाटेचे दोन म्हणजे आदल्या दिवशीचे २०:३०. तेव्हा सोमवार ते शुक्रवार पहाटे चालवायचं असेल तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या साधनात) ‘३० २० * * ०-४’, म्हणजे रविवार ते गुरुवार. वार मागे सरकवायचे राहून जातात, आणि मग सोमवारचा रिपोर्ट येत नाही.

नेट तुटत असेल तर

गिट क्लोन (अख्खा रेपो उतरवून घेणं) मध्येच तुटला तर पहिल्यापासून सुरू होतो. ‘--डेप्थ १’ लावून आधी वरचा थर घ्या, मग ‘गिट फेच --डीपन=१००’ करत हप्त्या-हप्त्याने इतिहास उतरवा. नेट दिवसभर नसेल तर ‘गिट बंडल क्रिएट काम.बंडल --ऑल’ ने अख्खा रेपो एका फाइलीत येतो. ती पेन ड्राइव्हवर द्या; समोरचा तिच्यातून नेहमीसारखं क्लोन किंवा फेच करतो. झिप करून फोल्डर पाठवण्यापेक्षा हे बरं, कारण झिपबरोबर तुमच्या मशीनवरच्या पासवर्डच्या फाइलीही जातात.

पासवर्ड किंवा ॲक्सेस की चुकून पुश झालीच, तर पहिलं काम ती की रद्द करून नवी घेणं. पुढच्या कमिटमध्ये पुसून काही होत नाही, इतिहासात ती राहतेच. इतिहास साफ करायचं नंतर बघता येतं.

चवथीआधी

सुट्टीच्या आधीच्या तीन कामाच्या दिवसांत रिलीज बंद. डोमेन, क्लाउड आणि ॲप स्टोअर या प्रत्येकावर किमान दोन ॲडमिन. ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो ते आत्ताच पाहा: तो माणूस सत्तरी तालुक्यात रेंजबाहेर असेल तर सर्व्हर बंद पडल्यावर कुणालाच लॉगिन करता येणार नाही. रिकव्हरी कोड टीमच्या सामायिक पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. आणि सुट्टीच्या आदल्या आठवड्यात, एरवी रिलीज न करणाऱ्या एकाला फक्त रीडमी (रेपोतली सूचनांची फाइल) समोर ठेवून चाचणी सर्व्हरवर रिलीज आणि रोलबॅक (आधीच्या आवृत्तीवर परतणं) दोन्ही करायला सांगा. नेहमी करणाऱ्याने शेजारी बसावं पण तोंड उघडू नये. जिथे तो अडेल ती ओळ त्याच बैठकीत रीडमीत दुरुस्त करून पुश करा.