लूपमधली हवा निघेना? या चुका टाळा

पीसी पाण्यानं गार ठेवायचा कस्टम लूप (पंप, ट्यूब, रेडिएटर आपण स्वतः जोडून केलेला) भरला, पंप सुरू केला आणि केसमधनं गुळगुळ आवाज यायला लागला, टेम्परेचर पण खाली येईना, तर लगेच पंप खराब आहे म्हणून राजारामपुरीतल्या दुकानात पळू नका. बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. पंचगंगेवरच्या मोटरीनं हवा धरली की ती नुसती फिरते, पाणी काय वर येत नाही, इथंही तोच प्रकार. हवा कायम वरच्याच टोकाला जाणार, तिला तिथनं रिझर्व्हायरपर्यंत (लूपच्या पाण्याच्या टाकीपर्यंत) वाट करून द्यायची एवढंच आपलं काम.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पंप कोरडा फिरवणं. डी५ असो नाहीतर डीडीसी (लूपच्या पंपाचे दोन नेहमीचे प्रकार), आतलं बेअरिंग कूलंटवरच (लूपमधल्या पाण्यावरच) गार राहतं, कोरडं फिरलं की घासतं. म्हणून रिझर्व्हायर पंपाच्या वर पाहिजे, तो आधी भरायचा, पंप दोन-चार सेकंद चालू करायचा, पातळी खाली आली की लगेच बंद, परत भरायचं, परत चालू, असं लूप भरेपर्यंत. इथं घाई नको भावा.

आणि हे करताना अख्खा पीसी चालू ठेवू नका. मदरबोर्डची २४ पिन, सीपीयूची, ग्राफिक्स कार्डची केबल काढून ठेवा, पॉवर फक्त पंपाला. २४ पिनमधली हिरवी वायर काळ्या वायरला जोडली की एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) चालू होतो, पण हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात, तेव्हा अंदाजानं तार खुपसत बसण्यापेक्षा त्या दोन वायरी जोडणारा तयार जंपर प्लग घ्या. फिटिंगखाली (ट्यूबच्या जोडाखाली) टिश्यू पेपर ठेवा, थेंब पडला की दिसतो.

आता मेन गोष्ट, रेडिएटर (रॅड), म्हणजे पाणी गार करणारी जाळी. सगळ्यात जास्त हवा इथंच लपते आणि लोक इथंच कंटाळून सोडून देतात. समोर उभा लावलेला रॅड आणि पोर्ट (ट्यूब जोडायची तोंडं) खाली असतील तर वरच्या टोकाला हवेचा खिसा तयार होतो, ट्यूब पुरत असेल तर पोर्ट वर ठेवूनच बसवा. छताला लावलेल्या रॅडसाठी पोर्टची बाजू उंच होईल अशी केस कलती करा, हळूहळू, पुढं-मागं, डावी-उजवी. कलती करायच्या आधी झाकण घट्ट लावा, आणि पंप चालू असेल तर रिझर्व्हायरचं आउटलेट पाण्याखालीच राहतंय का बघा, नाहीतर पंप परत हवा ओढतो. केस सरळ उभी केली की झाकण सैल करा, हवा जाऊ दे, पाणी टाका.

पंप सतत फुल स्पीडला ठेवणं ही पण लई कॉमन चूक. डी५ फुलला ४८०० आरपीएमपर्यंत जातो, तेवढ्या जोरात मोठ्या बुडबुड्यांचे बारीक बुडबुडे होतात आणि लूपमध्येच गोल फिरत बसतात. थोडा वेळ फुल, म्हणजे रॅडमधली हवा ढकलली जाईल, मग एकदम स्लो, म्हणजे रिझर्व्हायरमध्ये ती वर यायला वेळ मिळेल. पाण्याची पातळी रिटर्नच्या (पाणी टाकीत परत येतं त्या) तोंडाच्या वर ठेवा, वरनं धार पडत राहिली तर ती धारच नवीन हवा मिसळते. पण काठोकाठ पण भरू नका, पाणी गरम झालं की फुगतं.

भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, फेस होतो आणि तो लवकर जात नाही. नळाचं पाणी पण नको, डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार कूलंटच.

एआयओ (सीलबंद, भरूनच आलेला तयार कूलर) असेल तर झाकण उघडायचा प्रश्नच नाही. फक्त रॅडचं वरचं टोक पंपापेक्षा उंच पाहिजे, तळाला रॅड लावला की हवा पंपात जमते आणि आवाज सुरू.

ब्लॉकच्या (सीपीयू किंवा ग्राफिक्स कार्डवर बसणाऱ्या भागाच्या) काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे काही दिवसांत आपोआप जातात, त्यांच्यामागं लागू नका. पण आठवडा झाला, पाणी टाकून झालं तरी रोज नवीन बुडबुडे दिसतायत, तर रिझर्व्हायर ते पंप हा भाग तपासा. तिथं पंप पाणी ओढत असतो, त्यामुळं फिटिंग सैल असेल किंवा ओ-रिंग (फिटिंगमधलं रबरी कडं) नीट बसलेली नसेल तर बाहेर थेंबही न गळता आत हवा येऊ शकते. पंप बंद करून, लूपमधलं पाणी काढून मग ते फिटिंग काढा, ओ-रिंग चिरली असेल तर बदला, आणि बसवताना हातानंच घट्ट करा, पान्यानं आवळलं की ॲक्रिलिकला तडा जातो.